चार वर्षांचा विद्यार्थी, आठ वर्षांचें काम

मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर हातकणंगले हें एक लहानसें स्थानक आहे. स्थानक लहान असलें तरी त्याच्या नांवाच्या तालुक्याचा पसारा लहान नाहीं. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोलीचे ओतकामाचे कारखाने, हुपरीचें चांदीकाम, उंसाचे मळे आणि या सर्वांना पाणी पुरविणारी पंचगंगा, इतका व्यवहार या एका तालुक्यांत एकवटलेला आहे. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग बसविला, त्याला आतां शतक उलटून गेलें. १९८२ सालीं त्याच गांवीं डी. के. टी. ई. संस्थेचें वस्त्रोद्योग व इंजिनियरिंगचें महाविद्यालय निघालें, आणि पुढें तालुक्यांत अशीं आणखीहि महाविद्यालयें उभीं राहिलीं. ज्या भागांत यंत्राचा आवाज पहांटेपासून कानीं पडतो, त्या भागांतील मुलांनीं यंत्रविद्या शिकावी हें स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच कीं, हीं मुलें ती विद्या कशी शिकतात, आणि शिकत असतां त्यांच्या हातून काय घडतें?

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प पुरा करावा लागतो. चार-पांच जण एकत्र येतात, विषय ठरवितात, कांहीं महिने खटपट करतात, सोनेरी अक्षरांच्या बांधणीचा अहवाल सादर करतात आणि परीक्षा देऊन आपापल्या वाटेनें निघून जातात. अहवाल कपाटांत जातो, यंत्र अडगळीच्या खोलींत जातें. पुढल्या वर्षीं दुसरे चार जण येतात आणि पुष्कळदां तोच विषय पुन्हां पहिल्यापासून आरंभितात. यांत विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. आठ-नऊ महिन्यांत यंत्राचा पहिला नमुना जेमतेम उभा राहतो. तो कोठें मोडतो हें कळण्यापूर्वींच त्याचे कर्ते पदवी घेऊन गेलेले असतात. आणि इंजिनियरची खरी विद्या पहिला नमुना उभा करण्यांत जितकी आहे, त्याहून अधिक तो मोडल्यानंतर दुसरा करण्यांत आहे. विद्यार्थ्याला नेमका हाच दुसरा धडा मिळत नाहीं.

यावर एक उपाय आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रांतच करून पाहिला गेला आहे. तो असा कीं, काम विद्यार्थ्याच्या नांवावर न ठेवतां संघाच्या नांवावर ठेवावयाचें. विद्यार्थी येतील आणि जातील. संघ राहील, आणि संघाबरोबर कामहि राहील.

पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज हें १८५४ सालापासूनचें. सर विश्वेश्वरय्या हे याच कॉलेजांतून १८८३ सालीं बाहेर पडले. या कॉलेजांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं २००८ सालीं एक कृत्रिम उपग्रह स्वतः बनविण्याचें मनावर घेतलें. उपग्रह म्हटला म्हणजे डोळ्यांपुढें एखादें अवाढव्य यंत्र येतें. परंतु हा उपग्रह दोन्ही हातांच्या ओंजळींत सहज मावेल एवढा होता. त्याची बाजू सुमारें दहा सेंटिमीटर आणि वजन सुमारें एक किलोग्रॅम. त्याला नांव देण्यांत आलें 'स्वयम्'. २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोटा येथून उडालेल्या पी. एस. एल. व्ही.-सी ३४ या अग्निबाणानें एकूण वीस उपग्रह आकाशांत नेले, त्यांत हा 'स्वयम्' होता.

या दोन सालांमधील अंतर लक्षांत घेण्यासारखें आहे. इंजिनियरिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि काम चाललें आठ वर्षें. २००८ सालीं जो विद्यार्थी कॉलेजांत दाखल झाला, तो २०१२ सालीं पदवी घेऊन गेला. उड्डाणाचा दिवस त्यानंतर चार वर्षांनीं उजाडला. उलट, उड्डाणाच्या वर्षीं जे अखेरच्या वर्गांत होते, ते कामाला प्रारंभ झाला तेव्हां अद्याप शाळेंत होते. म्हणजे ज्यांनीं पहिली रेघ ओढली आणि ज्यांनीं शेवटचा स्क्रू आवळला, त्यांची एका वर्गांत कधीं गांठ पडली नसेल. असें असूनहि वस्तु एकच तयार झाली, आणि ती आकाशांत गेली.

या लहानग्या उपग्रहानें करावयाचें तरी काय होतें? पृथ्वीभोंवतीं फिरणारी वस्तु स्वतःभोंवतींहि गरगरत राहते. मग तिची संदेश पाठविणारी तार कधीं पृथ्वीकडे, कधीं भलतीकडेच वळते. मोठे उपग्रह ही गरगर थांबविण्यासाठीं फिरतीं चाकें किंवा वायूचे झोत वापरतात. एक किलोच्या उपग्रहाला तें परवडत नाहीं. त्याच्या अंगावरील सूर्यघटांपासून मिळणारी वीज ती किती! म्हणून विद्यार्थ्यांनीं होकायंत्राच्या सुईचें तत्त्व घेतलें. उपग्रहांत एक लोहचुंबक बसविलें, कीं तें पृथ्वीच्या चुंबकीय रेषांशीं आपण होऊन जुळतें. आणि जोडीला विशिष्ट धातूच्या कांड्या ठेविल्या, कीं होणारे हेलकावे हळूहळू शमतात. यासाठीं विजेचा एक कणहि खर्चावा लागत नाहीं. दुसरें काम संदेशांचें. हौशी बिनतारी संदेशवाल्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं लहानसे संदेश या उपग्रहामार्फत धाडतां यावे, अशी योजना होती. काम लहान होतें खरें. परंतु तें चुकलें तर दुरुस्तीला वर कोणी जाऊं शकत नव्हता. परीक्षेंत चाळीस टक्क्यांना उत्तीर्ण होतां येतें. अंतराळांत शंभराला एक कमी पडला तरी सर्व फुकट जातें. ही शिस्त कोणत्याहि व्याख्यानानें शिकवितां येत नाहीं.

याच सुमारास मुंबईच्या आय. आय. टी. मध्येंहि असेंच काम चाललें होतें. तेथील विद्यार्थ्यांनीं २००७ सालीं आरंभिलेला 'प्रथम' नांवाचा सुमारें दहा किलोग्रॅमचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजीं पी. एस. एल. व्ही.-सी ३५ मधून गेला. नऊ वर्षें! वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युत्कणांचें प्रमाण किती आहे हें मोजणें हें त्याचें कार्य. उपग्रहाकडून येणारी रेडिओची लहर त्या थरांतून जातांना थोडी पीळ खाते. तो पीळ जमिनीवर मोजला म्हणजे कणांचा अंदाज बांधतां येतो. हें मोजमाप जितक्या ठिकाणीं होईल तितकें बरें, म्हणून देशांतील इतर महाविद्यालयांतहि लहर टिपण्याचीं साधनें विद्यार्थ्यांकरवीं उभीं करावीं अशी त्या संघाची योजना होती. ज्या कॉलेजला उपग्रह बनविण्याचें बळ नाहीं, त्यालाहि या कामांत भाग घेतां यावा असा हा दुवा होता.

आतां अशा संघाचें अंतरंग पाहूं जातां कोल्हापूरकडच्या माणसाला एक गोष्ट चटकन् ओळखीची वाटेल. ही तर तालीमच! तालमींत दरसाल नवीं पोरें येतात, जुने मल्ल संसाराला लागतात. परंतु हौदाची तांबडी माती तीच राहते आणि डावहि तेच चालत राहतात. नवख्या पोराला वस्ताद स्वतः प्रत्येक डाव शिकवीत बसत नाहीं. दोन वर्षें आधीं आलेला त्याला धरतो, त्याच्याकडून जोर-बैठका काढवितो, माती उकरावयाला लावतो, आणि मग हळूहळू अंगाला अंग भिडवितो. शिकवितां शिकवितां त्या जुन्याचाहि डाव पक्का होतो. वस्तादाची नजर सर्वांवर असते. तो चुकलेल्या पवित्र्यापाशीं बोलतो, एरवीं बोलत नाहीं.

विद्यार्थ्यांच्या दीर्घकालीन संघांत असेंच घडतें. पहिल्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आली, कीं तिला प्रथम जुनीं टिपणें वाचावयाला देतात, तारा जोडावयाला व मापें घ्यावयाला बसवितात. दुसऱ्या वर्षीं तिच्याकडे एक लहान भाग सोंपवितात. तिसऱ्या वर्षीं त्या भागाची सर्व जबाबदारी तिची. चौथ्या वर्षीं तिनें स्वतः कमी करावयाचें आणि दुसऱ्यांकडून अधिक करवून घ्यावयाचें. कारण जातांना आपल्या जागीं कोणाला तरी उभें करून जाणें हेंच त्या वर्षाचें मुख्य कार्य. यंत्राचा, विजेचा आणि गणकाचा असे निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी एका टेबलाभोंवतीं बसतात. यंत्रवाला म्हणतो, पेटी हलकी पाहिजे. वीजवाला म्हणतो, घटांना जागा पाहिजे. दोघांचें भांडण मिटविल्यावांचून काम पुढें सरकत नाहीं. कारखान्यांत गेल्यावर ज्या तडजोडी पन्नाशीपर्यंत कराव्या लागणार, त्यांची तोंडओळख अशी विसाव्या वर्षींच होते.

या पद्धतीचा खरा शत्रु एकच, आणि तो म्हणजे विस्मृति. मे महिन्याच्या सुटींत जुने जातात आणि जुलैमध्यें नवे येतात, या दोहोंमध्यें संघाची आठवण गळून पडते. अमुक तार तांब्याची न घेतां दुसऱ्या धातूची कां घेतली, अमुक आकडा बारा कां ठरविला, हें ज्याला ठाऊक होतें तो बंगळूरास नोकरीवर गेलेला असतो. नवा विद्यार्थी तो आकडा आपल्या मतानें दहा करतो आणि सहा महिन्यांनीं यंत्र पूर्वीं जेथें जळलें होतें तेथेंच पुन्हां जळतें. म्हणून अशा संघांत वही ही यंत्राइतकीच मोलाची. काय केलें एवढेंच लिहून भागत नाहीं. काय करून पाहिलें आणि कां सोडून दिलें, हेंहि लिहावें लागतें. आपल्याकडे यशाची नोंद ठेवण्याची हौस आहे. फसलेल्या प्रयोगाची नोंद ठेवण्याची संवय मात्र मुद्दाम लावावी लागते.

परदेशांत या विचाराला शिक्षणक्रमांतच स्थान मिळालें आहे. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत लीह जेमिसन व एडवर्ड कॉइल या प्राध्यापकांनीं १९९५ सालीं एक उपक्रम सुरू केला. गांवांतील शाळा, सेवासंस्था, अपंगांच्या संस्था यांच्या अडचणी विद्यार्थ्यांच्या संघांनीं हातीं घ्यावयाच्या. संघांत पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे सर्व असावयाचे. आणि संस्थेशीं जडलेलें नातें एका सहामाहीवर न संपतां वर्षानुवर्षें चालावयाचें. या कामाला गुण मिळतात, आणि एकाच विद्यार्थ्याला अनेक सहामाह्या तें घेतां येतें. कॉइल यांनीं पुढें जॉर्जिया टेक येथें हेच संघ प्राध्यापकांच्या संशोधनाशीं जोडले. तेथें जाणण्यासारखी गोष्ट ही, कीं हें काम अभ्यासाच्या बाहेरचा छंद म्हणून ठेवलें नाहीं. जें काम वेळापत्रकांत नाहीं, तें परीक्षेच्या महिन्यांत बंद पडतें. आणि जें दर सहा महिन्यांनीं बंद पडतें, तें आठ वर्षें कसें चालणार?

घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत येथें तीन शंका येतील, आणि त्या तिन्ही रास्त आहेत. पहिली गुणांची. मुलगा रात्र रात्र कर्मशाळेंत बसला तर परीक्षेचें काय? या शंकेंत तथ्य आहे, आणि संघाला जडलेल्या मुलांचे गुण कधीं कधीं घसरतातहि. यावर उपाय मुलाला ओढून काढण्याचा नसून त्या कामालाच गुण देण्याचा आहे. संघांतील प्रत्येकाची वही, त्यानें सोंपविलेला भाग आणि सोबत्यांचें मत यांवरून एकेकाची पारख करतां येते. केवळ संघाच्या यशावर सर्वांना सारखे गुण वाटले तर आळशाचें फावतें.

दुसरी शंका पैशाची. उपग्रहाचा खर्च प्रत्येक कॉलेजला झेपणार नाहीं, हें उघड आहे. परंतु उपग्रह हें या पद्धतीचें एक उदाहरण झालें. तो तिचा प्राण नव्हे. प्राण आहे तो सातत्याचा, आणि सातत्याला पैशापेक्षां एक टिकून राहणारा शिक्षक, एक कुलपाची खोली आणि एक नीट ठेवलेली वही अधिक लागते. ज्या संघाचा शिक्षक दरवर्षीं बदलतो, त्याची आठवण कोणाच्याहि जवळ राहत नाहीं.

तिसरी शंका मात्र मनाला अधिक लागणारी आहे. ज्या मुलानें चार वर्षें घाम गाळला आणि फळ दिसण्यापूर्वीं ज्याला निघून जावें लागलें, त्याच्या पदरीं काय पडलें? याचें उत्तर कोल्हापूर जिल्ह्याच्या इतिहासांतच आहे. राधानगरीचें धरण राजर्षि शाहू महाराजांनीं हातीं घेतलें; महाराज १९२२ सालीं निवर्तले आणि धरण पुरें झालें तें स्वातंत्र्यानंतर. पाया घालणाऱ्या किती हातांनीं भरलेला तलाव पाहिलाच नाहीं! परंतु त्यांचें बांधकाम कच्चें असतें तर पुढल्यांना त्यावर एक दगडहि चढवितां आला नसता. मोठीं कामें नेहमीं अशींच होतात. आपल्यामागून कोणी तरी येणार आहे आणि आपण ठेविलेल्या पायावर तो उभा राहणार आहे, ही जाणीव ज्या तरुणाला विसाव्या वर्षीं झाली, तो पुढें पूल बांधो कीं कारखाना चालवो, हातचें काम अर्धवट बांधून ठेवणार नाहीं.

आतां पुन्हां हातकणंगले तालुक्याकडे वळावें. येथील प्रश्नहि एका वर्षांत सुटणारे नाहींत, आणि म्हणूनच ते अशा संघांना योग्य आहेत. यंत्रमागाचेंच घ्या. ताण्याचा एक धागा तुटला आणि माग वेळेवर थांबला नाहीं तर कापडांत दोष राहतो व त्याचा भाव उतरतो. धागा तुटतांच माग थांबविणारी योजना नवी नाहीं. परंतु जुन्या साध्या मागावर बसेल, छोट्या मागवाल्याला परवडेल आणि जॉबरला त्याच्या पान्यांनीं दुरुस्त करतां येईल, अशी योजना करणें हें काम निराळें. उन्हाळ्यांत सूत कोरडें पडून अधिक तुटतें, पावसाळ्यांत हवेंतील दमट त्याला लवचिक ठेवतो. म्हणजे जी वस्तु जानेवारींत बनविली ती मे महिन्यांत पारखावी लागणार, आणि मे महिन्यांत तर तिच्या कर्त्यांची परीक्षा संपून ते घरीं गेलेले! अशी वस्तु संघच पुरी करूं शकेल. एकटादुकटा विद्यार्थी नव्हे.

नदीचा प्रश्न याहूनहि गंभीर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालीं पंचगंगेच्या महापुरानें या भागाला वेढलें. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीची साथ येऊन माणसें दगावलीं, तेव्हां पाण्याचा प्रश्न प्रत्येक घराच्या माठापाशीं येऊन ठेपला. समजा, विद्यार्थ्यांच्या एखाद्या संघानें नदीच्या एका पुलापाशीं पाण्याची उंची आणि गढूळपणा मोजणारें स्वस्त यंत्र बसविण्याचें ठरविलें. पहिल्या पावसाळ्यांत तें गाळानें भरून बंद पडेल. दुसऱ्या तुकडीनें त्याची जाळी बदलावी. तिसऱ्या तुकडीनें वरच्या अंगाला दुसरें यंत्र बसवून, तेथें चढलेलें पाणी खालीं येण्यास किती तास लागतात हें ताडून पाहावें. असे पांच-सहा पावसाळे गेल्यावर त्या वहींतील आंकड्यांना किंमत येईल. नदीकांठच्या माणसाला गुरें केव्हां सोडावीं आणि धान्य केव्हां हलवावें हें त्यावरून कांहीं तास आधीं सांगतां येईल. नदीला सहामाही परीक्षा ठाऊक नाहीं. तिचें वेळापत्रक जून ते सप्टेंबरचें आहे, आणि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला तिचे फार तर चार पावसाळे येतात. संघाच्या वाट्याला मात्र वीस येऊं शकतात.

याच तालुक्यांतील कुंभोज गांवीं २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोंचविण्याचें काम त्यांनीं एके काळीं केलें होतें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि श्रम व शिक्षण एकाच विद्यार्थ्याच्या अंगीं एकत्र नांदूं शकतात हें कृतीनें दाखविलें. त्यांच्या वसतिगृहांतील मुलगा जे हात पुस्तकाला लावी तेच हात कुदळीलाहि लावी. आजच्या इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याला कुदळ घ्यावयाची नाहीं. परंतु दुसऱ्यानें आरंभिलेलें काम आपलें मानून पुढें नेण्याची तीच वृत्ति त्याला हवी आहे.

तेव्हां येत्या जून-जुलैमध्यें मुलाला वा मुलीला घेऊन कॉलेजच्या दारीं जाणाऱ्या आईबापांनीं इमारत, शुल्क आणि नोकऱ्यांचे आंकडे अवश्य विचारावेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: या कॉलेजांत विद्यार्थ्यांचें असें कोणतें काम आहे, जें पांच वर्षांपूर्वींच्या मुलांनीं आरंभिलें आणि आजचीं मुलें पुढें नेत आहेत? तें पाहावयाला मागावें, आणि त्याची वहीहि मागावी. वही जाड असेल, तिच्यांत निरनिराळीं हस्ताक्षरें असतील, आणि फसलेल्या प्रयोगांचींहि पानें असतील, तर मुलाचीं चार वर्षें तेथें कारणीं लागतील असें समजण्यास हरकत नाहीं.